टाकीतील शेवाळ आणि उन्हाळ्यातले वरचे पाणी

वाचकाचे पत्र : आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्याची खाऱ्या पाण्याची टाकी गेले दहा महिने मीच सांभाळते आहे. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून खाली सम्प म्हणजे पाणी गाळण्याची छोटी टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, एक लेदर कोरल आणि झोआंथिडचे तीन-चार झुपके (दोन्ही प्रवाळांचे प्रकार) एवढाच संसार आहे. मार्चपासून दगडांवर बोटभर लांबीचे, केसांसारखे हिरवे शेवाळ वाढले आहे आणि आता ते झोआंथिडला झाकू लागले आहे. समोरच्या उजव्या कोपऱ्यात वाळूवर तांबूस साय धरते. ती काढली तरी दोन दिवसांत परत येते. उकाड्यामुळे सम्पवर दोन पंखे लावले आहेत आणि रोज सहा-सात लीटर पाणी वरून घालावे लागते. हे पाणी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या आरओ यंत्राचे असते. दर आठवड्याला चाचणी करते, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. दुकानदाराने तीन दिवस टाकी अंधारात ठेवायला, मग त्याने दिलेले औषध घालायला आणि शेवाळ खाणारा एक टँग मासा आणायला सांगितले आहे. औषधाच्या बाटलीवर कॉपर सल्फेट असे लिहिले आहे. चाचणी शून्य असताना हे शेवाळ वाढते तरी कशावर? औषध घालू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, औषध घालू नये. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचून आपण कळवले हे फार बरे झाले, कारण तांबे शेवाळाबरोबर गोगलगायी, कोळंबी, खेकडे आणि प्रवाळ यांनाही मारते. शिवाय टाकीतील चुनखडीचे दगड आणि वाळू ते शोषून घेतात आणि पुढे कित्येक महिने थोडे थोडे पाण्यात सोडत राहतात. फक्त मासे असलेल्या उपचाराच्या टाकीत तांब्याचा उपयोग आहे, प्रवाळांच्या टाकीत नाही. दुकानदार परत घेत असेल तर बाटली परत करावी. घेत नसेल तर ती टाकीच्या कपाटात ठेवू नये, म्हणजे घाईगर्दीत दुसऱ्या कोणाच्या हातून चूक होणार नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आपली चाचणी खोटी नाही, पण ती पाण्यात जे उरले आहे तेवढेच मोजते. शेवाळाने जे आधीच खाल्ले त्याचा हिशेब तिच्यात येत नाही. पिठाचा डबा रिकामा दिसला म्हणून घरात भाकरी झालीच नाही, असे आपण म्हणत नाही. तसेच येथे आहे. बोटभर लांबीचे केसाळ शेवाळ ज्या टाकीत आहे, तेथे नायट्रेट आणि फॉस्फेट रोज येत आहेत, आणि आल्या आल्या शेवाळ ते उचलत आहे. म्हणून किती उरले यापेक्षा कोठून येते हे शोधायला हवे, आणि आपल्या पत्रातच त्याचे उत्तर आहे असे मला वाटते. शेवाळ मार्चपासून वाढले, पंखे उकाड्यामुळे लागले आणि वरचे पाणी रोज सहा-सात लीटर झाले, या तिन्ही गोष्टी एकाच साखळीतल्या आहेत.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. त्यामुळे सम्पवर लावलेला साधा पंखा येथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगले काम करतो. एक लीटर पाणी वाफ होऊन जाताना इतकी उष्णता सोबत नेते की तेवढ्याने आपल्या टाकीतील सुमारे २५० लीटर पाणी दोन अंशांहून थोडे अधिक थंड व्हावे. म्हणून पंखे लावले यात आपले काहीच चुकले नाही. पाणी २५-२६ अंशांच्या आसपास राहिले तर प्रवाळांना ते मानवते, आणि तीस अंशांकडे गेले तर त्यांचे हाल होतात. चिलरचा खर्च ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या भागात पंखा हाच खरा उपाय आहे. मात्र पंख्याने उडते ते केवळ शुद्ध पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, जे काही विरघळलेले आहे ते सगळे मागे राहते. त्याची भरपाई करताना आपण जे पाणी घालतो त्यात थोडेसेही काही विरघळलेले असेल, तर ते रोज साचत जाते आणि वाफेबरोबर बाहेर पडण्याची वाट त्याला नसते.

हिशेब करून पाहू. रोज सहा लीटर धरले तर महिन्याला १८० लीटर पाणी टाकीत जाते. समजा त्या पाण्यात नायट्रेट लीटरला १० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ही मात्रा पूर्णपणे सुरक्षित असते. महिन्याला १,८०० मिलिग्रॅम नायट्रेट झाले, म्हणजे २५० लीटरच्या टाकीत लीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमची भर पडली. फॉस्फेट लीटरला ०.२ मिलिग्रॅम एवढे क्षुल्लक जरी धरले, तरी महिनाअखेर ३६ मिलिग्रॅम जमते आणि टाकीत लीटरमागे ०.१४ मिलिग्रॅमची वाढ होते, जी प्रवाळांच्या टाकीत असावी त्या मर्यादेच्याही वर आहे. हिवाळ्यात दोन-अडीच लीटरच पाणी उडत असेल तेव्हा हीच आवक तिसऱ्या हिश्श्यावर होती, आणि स्किमर (फेसातून घाण वेगळी काढणारे यंत्र) व पाणीबदल मिळून ती सांभाळून घेत होते. मार्चमध्ये तोल गेला. त्यातून पाणीबदलाचे मिठाचे पाणीही आपण त्याच आरओ यंत्राच्या पाण्यात बनवत असाल, तर पाणीबदलातूनही शेवाळाला खुराकच मिळत असणार.

आता आपण म्हणाल की पाणी आरओचे आहे, मग त्यात काही कसे राहील? स्वयंपाकघरातील यंत्र माणसाने प्यावे यासाठी बनवलेले असते. पूर्ण शुद्ध पाणी बेचव लागते, म्हणून अशा बहुतेक यंत्रांमध्ये न गाळलेले थोडे पाणी परत मिसळणारी चावी किंवा खनिजे घालणारे कार्ट्रिज बसवलेले असते. त्यामुळे त्यातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा) पन्नास, शंभर किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि तो तसा असणे हा बिघाड नाही. वीस लीटरच्या पाण्याच्या जारचेही तेच. त्यातच आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, मधल्या दिवसांत अनेक घरी बोअरचे जड पाणी त्याच हौदात किंवा टाकीत पडते, आणि अशा पाण्याने यंत्रातल्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार लवकर बसतात. नायट्रेट आणि सिलिका तर धडधाकट मेम्ब्रेनमधूनही इतर क्षारांपेक्षा जास्त निसटतात. उजनीच्या जलाशयात वरच्या भागातले सांडपाणी आणि शेतातली खते वाहून येतात हे आपल्याला नवे नाही. ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून जंतुविरहित होऊन आपल्यापर्यंत येते, पण जंतू मारल्याने विरघळलेले नायट्रेट जात नाही. गच्चीवर सिमेंटची उघडी टाकी असेल तर तिच्या भिंतींवर हिरवे शेवाळ दिसते का, तेही एकदा पाहावे. दिसत असेल तर घरात येणाऱ्या पाण्यातच शेवाळाचे अन्न आहे याची ती साक्ष आहे. काळ्या झाकलेल्या टाकीत ते दिसणार नाही, पण त्याचे कारण अंधार आहे. अन्न तेथेही असू शकते.

म्हणून याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. आपल्याकडे नायट्रेट-फॉस्फेटच्या ज्या चाचण्या आहेत त्या टाकीच्या पाण्यावर न करता वरून घालायच्या पाण्यावर कराव्यात, आणि एक साधा टीडीएस मीटर घेऊन त्याच पाण्याचा आकडा पाहावा. प्रवाळांच्या टाकीसाठी हा आकडा शून्य हवा, दहा किंवा पाचसुद्धा नको. त्यासाठी आरओच्या पुढे डीआय म्हणजे क्षार पूर्ण काढणाऱ्या रेझिनचा टप्पा लागतो. स्वयंपाकघरातील यंत्राला हात न लावता टाकीसाठी वेगळा आरओ-डीआय संच बसवावा हे उत्तम. नळाचा दाब कमी असल्यामुळे त्याला बूस्टर पंप लागेलच. तेवढा खर्च लगेच होणार नसेल, तर सध्याच्या यंत्राची मिसळणारी चावी व खनिजांचे कार्ट्रिज टाळून, मेम्ब्रेनच्या लगेच पुढून पाणी घेऊन ते डीआय रेझिनच्या एका नळीतून जाऊ द्यावे. यंत्राची देखभाल करणारा कारागीर हे जोडून देऊ शकेल. रेझिनमधून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्यावरून एक-दोनवर सरकला की रेझिन बदलायचे, कारण संपलेले रेझिन आधी धरून ठेवलेले सिलिकासारखे पदार्थ पुन्हा पाण्यात सोडू लागते.

सोलापुरात या सल्ल्याला एक अडचण आहे, ती टाळून मला पुढे जाता येत नाही. आठवड्याला पन्नासेक लीटर वरचे आणि पंचवीस लीटर पाणीबदलाचे मिळून पाऊणशे लीटर शुद्ध पाणी लागेल, आणि छोट्या यंत्रात त्याच्या सुमारे तिप्पट पाणी वाया जाते. जेथे पाणी येण्याच्या दिवशी घरादाराची धांदल उडते, तेथे दोनशे लीटर पाणी मोरीत सोडून देणे मनाला पटत नाही. ते पिंपात धरावे आणि फरशी, स्वच्छतागृह, गाडी धुणे यासाठी वापरावे. बोअरचे पाणी असेल तर ते कुंड्यांना मात्र घालू नये, कारण त्यात क्षार दाटलेले असतात. शुद्ध पाणी पाणी येण्याच्या दिवशीच करून झाकणाच्या, अन्नासाठी चालणाऱ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये अंधाऱ्या जागी साठवावे. वरचे पाणी दिवसातून एकदम सहा लीटर ओतण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ विभागून घालावे. सम्पच्या काचेवर मूळ पातळीची रेघ मारून ठेवली की क्षारता ३५ वर (हजार भागांत ३५) स्थिर राहते.

पाणी सुधारले तरी आज जे शेवाळ आहे ते आपोआप जाणार नाही. जेवढे शेवाळ हाताने बाहेर काढाल तेवढे त्याने खाल्लेले नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर जाते, आणि या कामाला कोणत्याही बाटलीत पर्याय नाही. पाणीबदलाच्या दिवशी काढलेले जुने खारे पाणी बादलीत घ्यावे, जे दगड सुटे निघतात ते एकेक करून त्यात बुडवावेत, केस बोटांनी मुळापासून उपटावेत, उरलेल्यावर दात घासायचा नवा ब्रश फिरवावा आणि दुसऱ्या बादलीत विसळून दगड परत ठेवावा. झोआंथिड ज्यावर आहेत तो दगड हाताळताना हातमोजे आणि चष्मा अवश्य घालावा, आणि त्यावर ब्रश जोरात चालवू नये. काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते, आणि डोळ्यात उडालेला एक थेंबही महागात पडतो. जे दगड निघत नाहीत त्यांच्यावरचे शेवाळ नळी लावून ओढत ओढतच उपटावे, म्हणजे तुटलेले तुकडे टाकीभर पसरत नाहीत. एका दिवसात सगळी टाकी विसकटू नये. आठवड्याला तिसरा हिस्सा पुरे. उपटलेले शेवाळ केसांसारखे सरळ न दिसता नेच्याच्या पानासारखे, मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी फांद्या असलेले दिसले, तर ती ब्रायोप्सिस असते आणि ती घालवणे अधिक चिवट काम आहे. तसे असल्यास मला छायाचित्र पाठवावे, त्यावर वेगळे लिहीन.

खाण्याविषयी आपण काही लिहिले नाही, पण मुलाच्या माशांना आई हात आखडून खाऊ घालत असेल असे मला वाटत नाही. दोन क्लाउनफिश आणि एका गोबीला दिवसातून एकदा, मिनिट-दीड मिनिटात संपेल इतकेच पुरते. गोठवलेले खाद्य असेल तर ते चहाच्या गाळणीत वितळवून त्याचे पाणी फेकून द्यावे आणि मगच टाकीत घालावे. सम्पमधला गाळणीचा कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदलावा. आठवडाभर तसाच राहिलेला कापूस घाण पकडून न ठेवता ती तेथेच कुजवत राहतो. स्किमरच्या मानेतला चिकट थर दर दोन दिवसांनी पुसला तरच त्याचा फेस नीट वर चढतो.

एक चूक आपल्या हातून होऊ नये म्हणून स्वतःची सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या टाकीत शेवाळ झाले तेव्हा मी फॉस्फेट शोषणारी लोहाची दाणेदार पूड सांगितलेल्या मात्रेच्या दुपटीने घातली. आठवड्यात फॉस्फेट शून्यावर आले, शेवाळ फिके पडले आणि मला मोठा विजय मिळाल्यासारखे वाटले. त्याच्या पुढच्या पंधरवड्यात लेदर कोरल मिटून बसले, झोआंथिड आक्रसले आणि वाळूवर तपकिरी, शेंबडासारख्या दोऱ्या लोंबू लागल्या. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव होते. स्पर्धा करणारे बाकीचे जीव उपाशी पडले की ते माजतात, आणि त्यांना हटवायला मला चार महिने लागले. प्रवाळांनाही थोडे नायट्रेट-फॉस्फेट लागतेच. नायट्रेट लीटरला दोन ते दहा मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम, एवढ्यात टाकी ठेवावी. शेवाळ कमी होऊ लागल्यावर आपल्या चाचणीत हे आकडे पहिल्यांदा शून्याच्या वर आलेले दिसतील, तेव्हा घाबरून जाऊ नये. खाणारे तोंड कमी झाल्यामुळे उरलेले आता दिसू लागले, एवढाच त्याचा अर्थ. दगडांनीही इतके दिवस फॉस्फेट शोषून ठेवलेले असते आणि ते काही आठवडे पाण्यात सुटत राहते. पूड वापरायचीच झाली तर सांगितलेल्या मात्रेच्या पावपटीने सुरू करावी.

वाळूवरची तांबूस साय हा वेगळा विषय आहे, पण थोडक्यात सांगता येतो. ती चादरीसारखी अखंड सुटून येत असेल तर ते सायनोबॅक्टेरिया आहेत. शेवाळ म्हणतात खरे, पण तो जिवाणूंचा थर असतो. त्यांच्यातील अनेक जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्वतःच वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट शून्य असल्याने त्यांचे काही अडत नाही. उलट ती साय दोऱ्यांसारखी, बुडबुडे अडकलेली असेल आणि रात्री दिवे गेल्यावर जवळजवळ नाहीशी होत असेल, तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. खात्रीसाठी थोडी साय टाकीच्याच पाण्यासह छोट्या बाटलीत घेऊन जोरात हलवावी, कागदी गाळणीतून गाळावी आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा दोऱ्या जमल्या तर डायनोफ्लॅजेलेट. ती एकाच कोपऱ्यात धरते असे आपण लिहिले आहे, त्यावरून तेथे पाण्याचा प्रवाह पोहोचत नसावा. वेव्हमेकरचे (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड थोडे वळवून त्या कोपऱ्यातली वाळू हलणार नाही पण घाण बसणार नाही इतका प्रवाह द्यावा आणि साय दर दोन दिवसांनी नळीने ओढून घ्यावी. सायनोवर एरिथ्रोमायसिन घालण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. माझे मत त्याविरुद्ध आहे: ते प्रतिजैविक आहे, टाकीतील उपयोगी जिवाणूंनाही ते धक्का देऊ शकते, आणि मूळ कारण तसेच राहिल्याने महिन्याभरात साय परत येते.

अंधाराबद्दलही असेच. तीन दिवस टाकी झाकल्याने शेवाळ पिवळे पडते, पण ते कुजून त्यातले सगळे नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात परत येते, आणि कुजताना प्राणवायू खर्च होतो. मेच्या उकाड्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, त्यात वीज गेली तर माशांवर बेतते. पाण्यातले अन्न तसेच राहिले की आपल्या संभाजी तलावातली जलपर्णी काढली तरी ती पुन्हा पसरते, हे सोलापूरकरांना कोणी सांगायला नको. त्यापेक्षा दिवे रोज आठ तासच लावावेत आणि पश्चिमेच्या खिडकीचे ऊन टाकीवर येत असेल तर जाड पडदा लावावा.

टँग आणू नये. चार फुटांची टाकी बहुतेक टँग माशांना पोहायला अपुरी पडते, आणि आणखी एक मोठा मासा म्हणजे आणखी खाद्य व आणखी विष्ठा. शेवाळ खाणाऱ्या सात-आठ गोगलगायी मात्र चालतील. लांब केस त्या सहसा खात नाहीत, पण आपण उपटल्यावर उगवणारे कोवळे कोंब त्या टिकू देत नाहीत. म्हणून उपटणे आधी आणि गोगलगायी नंतर, हा क्रम उलटू नये. क्षारता बदलली की त्या पटकन दगावतात, त्यामुळे त्या ज्या पाण्यात आणल्या त्या दुकानातल्या पाण्यात आपले पाणी थेंबाथेंबाने दीड-दोन तास मिसळत राहावे. टर्बो आणि ट्रोकस या गटांतल्या काही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरचे कठीण प्रवाळही. तेव्हा जीव कोठून आला आणि पावती मिळेल का, हे विचारून मगच घ्यावे. सम्पमध्ये मोकळी जागा असेल तर तेथे मूठभर चेटोमॉर्फा (मुद्दाम वाढवतात ते दोऱ्यांसारखे हिरवे शेवाळ) लावून तिला रात्री दिवा द्यावा. वरच्या शेवाळाचा घास ती खाली खाते, आणि वाढली की निम्मी काढून टाकता येते.

हे सगळे केल्यावर फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतील, आणि पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक वाटणार नाही. पुढच्या पत्रात चार आकडे कळवावेत: नळाच्या पाण्याचा टीडीएस, आरओ यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, त्याच पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट. मेम्ब्रेन किती महिन्यांपूर्वी बदलला होता, तेही मुलाला विचारून लिहावे.